भिंतीचं भाडं कोणी भरायचं?

नवोदित स्थानिक चित्रकारांच्या समूह-प्रदर्शनाबद्दल वाईट बोलणं जड जातं. चित्रकार नवे असतात, आपल्याच भागातले असतात, कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचे असतात. पदरमोड करून त्यांनी चित्रं फ्रेम करून आणलेली असतात. तिथे गेलेला माणूस कौतुक करतो, अभिप्रायाच्या वहीत चार बऱ्या ओळी लिहितो आणि बाहेर पडतो. या सौजन्याला माझी हरकत नाही. पण या सौजन्याच्या आडोशाला एक व्यवहार बिनबोभाट चाललेला असतो आणि त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. यातल्या बऱ्याच प्रदर्शनांत भिंत मिळालेली नसते, विकत घेतलेली असते.

व्यवहार सरळ आहे. आयोजक हॉल घेतो, उदयोन्मुख कलावंतांना संधी म्हणून जाहिरात करतो आणि प्रत्येक चित्रामागे किंवा भिंतीच्या लांबीनुसार एक रक्कम ठरवतो. निवड समिती आहे असं सांगितलं जातं. पैसे भरलेल्याचं चित्र परत पाठवल्याचं मात्र सहसा ऐकू येत नाही. चित्र विकलं गेलं तर त्यात आयोजकाचा वाटा असतो. नाही विकलं गेलं तरी त्याचं काही अडत नाही, कारण पहिली फ्रेम खिळ्यावर चढण्याआधीच त्याचा खर्च आणि नफा दोन्ही वसूल झालेले असतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह आणि पाहुण्यांसोबत एक फोटो.

इथे गिऱ्हाईक कोण आहे, हे एकदा नीट पाहायला हवं. व्यावसायिक गॅलरी चित्राच्या विक्रीतून कमिशन घेते, आणि ते साधारणपणे निम्म्याच्या आसपास असतं. चित्रकार त्यावरून कुरकुरतात आणि ती कुरकुर पुष्कळदा रास्तही असते. पण त्या गॅलरीला चित्र विकल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणून तिला निवड करावी लागते, संग्राहकांना बोलवावं लागतं, चार माणसांना पटेल असं काही त्या चित्रकाराबद्दल सांगावं लागतं. भिंत विकणाऱ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द चित्रकार, आणि तो तर आधीच खिशात आलेला असतो. मग हॉलमध्ये कुणी येतं की नाही, चित्रं एकमेकांशेजारी शोभतात की मारामारी करतात, याची फिकीर कोण करणार?

यावर झटकन दिलं जाणारं उत्तर असं की चित्रकाराने प्रदर्शनासाठी एक पैसाही भरता कामा नये. मला ते पटत नाही. आधुनिक चित्रकलेतलं बहुधा सगळ्यात गाजलेलं समूह-प्रदर्शन चित्रकारांनी वर्गणी काढूनच उभं केलं होतं. 1873 च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमध्ये मोने, रेनुआर, पिसारो, देगा, बेर्त मोरिझो आणि त्यांच्या सोबत्यांनी एक सहकारी मंडळी स्थापन केली. सभासदाची वर्षाची वर्गणी 60 फ्रँक. पिसारोने नियमावलीसाठी बेकरी कामगारांच्या संघटनेचा नमुना समोर ठेवला होता, असं सांगतात. छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत 1874 च्या 15 एप्रिलपासून महिनाभर हे प्रदर्शन चाललं. सुमारे तीस कलावंत, कॅटलॉगमध्ये 165 नोंदी, प्रवेश 1 फ्रँक. दिवसा काम करणाऱ्यांना येता यावं म्हणून ते रात्री आठ ते दहा पुन्हा उघडत. महिन्याभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आली. त्याच वर्षीच्या 'सालों' या सरकारी कलाप्रदर्शनाला लाखांनी लोक जात होते, त्या तुलनेत हा आकडा किरकोळच. टीकाकार लुई लरुआने मोनेच्या एका चित्राच्या नावावरून त्यांची टर उडवली आणि त्या थट्टेतूनच पुढे त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं जाऊ लागलं.

ही गोष्ट नवोदितांना धीर देण्यासाठी नेहमी सांगितली जाते: बघा, तेव्हा हसले, आज कोट्यवधी मोजतात. मला त्या गोष्टीत जास्त रस आहे तो हिशेबात. 1874 च्या डिसेंबरमध्ये मंडळींची सभा भरली तेव्हा खर्च वजा जाता प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर 184 फ्रँक 50 सांतीम देणं निघालं. मंडळी मोडीत काढावी लागली. म्हणजे पैशाच्या दृष्टीने प्रदर्शन साफ बुडालं. पण ते बुडालं हे प्रत्येकाला पैशापर्यंत कळलं, कारण हिशेब त्यांचाच होता. कोण सामील होणार, चित्रं कशी लागणार, तिकीट किती, दार किती वाजता उघडणार, हे त्यांनीच ठरवलं होतं. चांगल्या जागेवरून भांडण नको म्हणून चित्रं आकारानुसार लावायची आणि जागा चिठ्ठी टाकून ठरवायची, इतका बारीक विचार त्यांनी केला होता. त्यांनी भाडं भरलं आणि भाड्याबरोबर येणारा अधिकारही स्वतःकडे ठेवला. भिंत विकणाऱ्या प्रदर्शनात चित्रकार पहिली गोष्ट करतो आणि दुसरी सोडून देतो.

माझं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. जो खर्च उचलतो त्याच्या हाती निवड, मांडणी आणि हिशेब हवा. आणि निवड, मांडणी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर खर्चही त्यानेच उचलायला हवा. एवढंच नाही, चित्रकाराला मानधनही द्यायला हवं. पैसे एकाचे आणि सूत्रं दुसऱ्याकडे, अशी जोडणी झाली की प्रदर्शन नासतं. मग आयोजक सज्जन असो वा लबाड, फारसा फरक पडत नाही.

सज्जनांचंही कसं होतं, याचा नमुना न्यूयॉर्कमध्ये 1917 साली पाहायला मिळाला. सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स या संस्थेचं ब्रीद होतं, परीक्षक नाहीत आणि बक्षिसंही नाहीत. सहा डॉलर भरा आणि काम लावा. दोन हजारांहून जास्त कामं आली. ती कलावंतांच्या आडनावाप्रमाणे वर्णानुक्रमे लावली गेली, आणि सुरुवात कोणत्या अक्षरापासून करायची तेसुद्धा चिठ्ठी टाकून ठरलं. इतकी निःपक्षपाती व्यवस्था. त्यात 'आर. मट' या नावाने एक चिनीमातीचं मुतारीचं भांडं आलं, सोबत सहा डॉलरही आले, आणि संचालकांचं धाबं दणाणलं. त्यांनी ते काही मांडू दिलं नाही. ते भांडं संस्थेचाच एक संचालक मार्सेल दुशाँ याने पाठवलं होतं. त्याने राजीनामा दिला. या घटनेवर कलेची व्याख्या काय, या अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्यातला रोखीचा भाग महत्त्वाचा वाटतो. पैसे घेताना 'निवड नाही' असं सांगितलं आणि वेळ आली तेव्हा गुपचूप निवड केली. आजच्या कित्येक आयोजकांचं याच्या नेमकं उलट असतं. ते निवड आहे असं सांगतात आणि पैशापुढे कुणालाच नाकारत नाहीत. दोन्हीकडे पैसे भरणाऱ्याला खरे नियम कळत नाहीत.

आणि प्रेक्षकालाही कळत नाहीत, हे विसरून चालणार नाही. हा नुसता चित्रकारांच्या खिशाचा प्रश्न असता तर त्यावर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. हौसेला मोल नसतं. कुणाला स्वतःचं चित्र भिंतीवर पाहायला पैसे मोजावेसे वाटले तर आपण कोण अडवणार? पण 'निवडक' असं लिहिलेल्या प्रदर्शनात शिरणारा प्रेक्षक विश्वासाने शिरतो. कुणीतरी जाणत्याने शंभर चित्रं पाहून त्यातली वीस आपल्यासमोर ठेवली आहेत, असं तो धरून चालतो. समकालीन चित्रकला त्याच्या ओळखीची नसते. एखादं अमूर्त चित्र त्याला कळत नाही तेव्हा तो दोष स्वतःकडे घेतो. समोरचं चित्र निव्वळ कच्चं आहे आणि भिंतीवर आहे ते भाडं भरलं म्हणून, हे त्याला कुणी सांगत नाही. असे तीन-चार अनुभव आले की तो आजची चित्रकला आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतो. पुढे खरोखर चांगलं प्रदर्शन लागलं तरी तो फिरकत नाही. चांगल्या चित्रकाराचं सगळ्यात मोठं नुकसान हेच.

मांडणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण भिंत फुटाने विकली की पहिला बळी मांडणीचा जातो. चित्र किती उंचीवर लागतं, शेजारी काय आहे, मधे किती मोकळी जागा आहे, उजेड कुठून येतो, काचेवर चमक पडते का, यावर चित्र दिसणं अवलंबून असतं. हे चोचले नव्हेत. गेन्सबरो हा इंग्रज चित्रकार, लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. 1784 साली त्याने राजकन्यांचं एक चित्र अकॅडमीच्या प्रदर्शनासाठी दिलं होतं. ते भिंतीवर फार वर टांगणार असं कळल्यावर त्याने आपली सगळी चित्रं परत घेतली आणि पुन्हा कधी तिथे मांडली नाहीत. इतक्या नाजूकपणे केलेलं काम साडेपाच फुटांहून वर टांगलं तर दिसत नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. आज कुठल्याही बऱ्या गॅलरीत चित्राचा मध्य साधारण दीड मीटरच्या जवळपास, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेपाशी ठेवतात, त्यामागे असल्या भांडणांचा मोठा इतिहास आहे.

भाड्याच्या भिंतीवर मात्र चित्रांना रेल्वेच्या डब्यातल्या प्रवाशांसारखं सरकून बसावं लागतं. राखाडी छटांत हळुवार काम केलेल्या कागदाशेजारी भडक अॅक्रिलिकचा पाच फुटी कॅनव्हास येतो, कारण दोघांनी लागोपाठ पैसे भरलेले असतात. प्रत्येकाला आपण भरलेल्या रकमेची पुरेपूर जागा हवी असते, म्हणून दोन चित्रांमध्ये श्वास घ्यायलाही फट उरत नाही. माणसं चित्राला वेळ किती देतात, हे एकदा मोजलं गेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी केलेली पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. एका चित्रापुढे माणूस सरासरी 27 सेकंद थांबत होता. मध्यक घेतला तर 17 सेकंद, म्हणजे निम्म्या वेळा त्याहूनही कमी. आणि ही चित्रं जगप्रसिद्ध होती. नाव न ऐकलेल्या चित्रकारांची दीडशे चित्रं एका हॉलमध्ये कोंबल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला किती सेकंद येत असतील? वीस चित्रं लावली असती तर त्यातली पाच तरी कुणाच्या लक्षात राहिली असती.

पण वीसच लावायची म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणावं लागतं. इथे सगळं अडतं. नकार देणं हे समूह-प्रदर्शनातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि ज्याचं उत्पन्न होकारावर चालतं त्याच्याकडून ते होत नाही. नकार चुकतोही, हे उघड आहे. 1863 साली पॅरिसच्या सालोंने आलेल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त नाकारली. इतकी ओरड झाली की नाकारलेल्यांसाठी तिसऱ्या नेपोलियनला वेगळं प्रदर्शन भरवायला लावावं लागलं. त्यात एदुआर माने या चित्रकाराचं, पुढे जगप्रसिद्ध झालेलं गवतावरच्या न्याहारीचं चित्र होतं. मात्र निवड चुकली म्हणून निवडच नको, हा निष्कर्ष काढणं सोयीचं असलं तरी बरोबर नाही. निवड कुणी केली हे जाहीर असलं, तर तिच्यावर भांडता येतं. सालोंच्या परीक्षकांची नावं लोकांना ठाऊक होती, म्हणून तर त्यांच्यावर तुटून पडता आलं. 'मान्यवरांची समिती' या दोन शब्दांवर कुणी तुटून पडू शकत नाही.

आयोजकांची बाजू ऐकायला हवी. हॉलचं भाडं, वीज, छपाई, ने-आण, राखणदारी हे खर्च खरे आहेत आणि नवोदितांची चित्रं विकली जाण्याचा भरवसा नसतो. रॉयल अकॅडमीच्या 1769 पासून दरवर्षी भरणाऱ्या प्रदर्शनासाठीही काम पाठवणाऱ्याला अर्जाचं शुल्क भरावं लागतं, हा दाखला ते देतात. दाखला खरा आहे. पण ते शुल्क पाहणीसाठी आहे. भरूनही बहुसंख्यांचं काम नाकारलं जातं, आणि कोण निवडतं ते लोकांना माहीत असतं. त्या शुल्कालाही माझा विरोधच आहे, कारण हजारो नाकारलेल्यांच्या पैशावर निवडलेल्यांचं कौतुक होतं. तरीही पाहणीचं शुल्क आणि भिंतीची विक्री यांना एका मापाने मोजता येणार नाही.

जिथे सार्वजनिक पैसा आहे, सरकारी कलादालन आहे, महापालिकेची किंवा विद्यापीठाची जागा आहे, तिथे तर चित्रकाराकडून पैसे घेण्याचा प्रश्नच येता कामा नये. वीजवाल्याला पैसे मिळतात, छापखान्याला मिळतात, सुताराला मिळतात. ज्याच्या कामासाठी हे सगळं चाललं आहे त्याला तेवढी 'प्रसिद्धी' मिळते. कॅनडातल्या कलावंतांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. 1968 साली जॅक चेंबर्स या चित्रकाराच्या पुढाकाराने कारफॅक ही संघटना उभी राहिली. ठिणगी पडली होती ती राष्ट्रीय कलादालनाच्या एका पत्रातून. चित्रांच्या प्रतिकृती विनामोबदला वापरायच्या आहेत, हरकत असेल तर कळवा, असा त्याचा सूर होता. संघटनेने प्रदर्शनाच्या किमान मानधनाचे दर ठरवून प्रसिद्ध केले. वीस वर्षांनी, 1988 मध्ये, त्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क दाखल झाला. चित्र विकण्यासाठी किंवा भाड्याने देण्यासाठी न ठेवता लोकांना नुसतं दाखवायचं असेल, तरीही त्या वापराचं मोल कलावंताला मागता येतं. 2014 साली दरांच्या वाटाघाटींवरून हाच वाद त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथेही कलावंतांच्या बाजूने निकाल लागला. या सगळ्याने कॅनडातले चित्रकार गबर झाले नाहीत. पण कलादालनाच्या अंदाजपत्रकात चित्रकार नावाचा एक रकाना तयार झाला.

तरुणांना संस्थेची वाट पाहायची नसेल, तर दुसरा रस्ता आहेच. 1947 साली मुंबईत सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे एकत्र आले आणि 1949 मध्ये त्यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात प्रदर्शन भरवलं. सहाच जण होते. कोण आत आणि कोण बाहेर हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं, आणि काय नको याबद्दल त्यांची मतं ठाम होती. काही वर्षांतच पांगापांग झाली. पण त्या सहांची कामं एका दालनात का होती, याला कारण होतं. 1988 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत डेमियन हर्स्ट या तरुण कलावंताच्या पुढाकाराने सोळा जणांनी 'फ्रीझ' हे प्रदर्शन लावलं. बहुतेक जण गोल्डस्मिथ्स कॉलेजचे विद्यार्थी. जागा आणि पैसा त्यांनी त्या भागाच्या विकास महामंडळाकडून आणि बांधकाम कंपनीकडून मिळवला, कॅटलॉग नीट छापला, आणि महत्त्वाच्या माणसांना तिथे यायला लावलं. हर्स्टची पुढची बाजारू कारकीर्द मला फारशी आवडत नाही. पण विशीतल्या विद्यार्थ्यांनी देणगीदाराकडून पैसे घेऊनही सूत्रं आपल्याच हाती ठेवली, हे शिकण्यासारखं आहे.

आता 'स्थानिक' या बिरुदाकडे. ते बहुतेक वेळा सवलतीसारखं वापरलं जातं: स्थानिक आहेत, सांभाळून घ्या. खरं तर स्थानिक असण्याचा फायदा उलट आहे. तोच प्रेक्षक दर वर्षी त्याच चित्रकाराचं काम पाहू शकतो. रेषा घट्ट झाली की सैल, रंग स्वतःचे झाले की अजून शिक्षकाचेच आहेत, मोठ्या मापाचा कॅनव्हास पेलला की नाही, हे तो सांगू शकतो. दूरच्या मोठ्या प्रदर्शनांना धावती भेट देणाऱ्या समीक्षकाला हे जमणार नाही. त्यासाठी लिहिणाऱ्यांनी उद्घाटकाच्या भाषणाची बातमी देणं थांबवून एखाद्या चित्राचं नाव घेऊन लिहायला हवं. 'रंगसंगती मनमोहक' हे वाक्य कोणत्याही चित्राला चिकटवता येतं, त्यामुळे ते कुणाच्याच कामाचं नसतं. फसलेल्या चित्राबद्दल ते कुठे फसलं हे लिहिणं नव्या चित्रकाराला गांभीर्याने घेण्यासारखं आहे. अर्थात, त्याच प्रदर्शनाचा आयोजक वर्तमानपत्राचा जाहिरातदारही असेल तर हे कसं व्हायचं, हा आणखी एक गुंता.

भिंत विकणं बंद झालं तर प्रदर्शनं कमी होतील, हा आक्षेप मला मान्य आहे. होतील. वर्षाला दहाऐवजी तीन होतील. काहींना पहिली संधी उशिरा मिळेल आणि त्यातल्या एखाद्याचं खरंच नुकसान होईल. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनाच आज भिंत मिळते, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचं नुकसान आज दिसतसुद्धा नाही, एवढंच मी त्यावर म्हणेन. पैसे नसलेला चांगला चित्रकार अशा प्रदर्शनाच्या यादीत कधी नसतोच, त्यामुळे त्याची अनुपस्थिती मोजायला कुणी जात नाही.

तोवर, पैसे भरून प्रदर्शनात यायचं निमंत्रण आलेल्याने आयोजकाला काही साधे प्रश्न विचारावेत. निवड कोण करतं, नावानिशी सांगा. मागच्या खेपेला किती कामं आली आणि किती नाकारली? एका भिंतीवर किती चित्रं लागतील आणि ती जागा कोण ठरवेल? मागच्या प्रदर्शनाचा जमाखर्च पाहायला मिळेल का, आणि विक्री नेमकी किती झाली? उत्तरं नीट मिळाली तर पैसे भरायला हरकत नाही. आयोजक प्रश्नांनीच दुखावला गेला, तर तेवढीच रक्कम ज्यांची चित्रं आपल्याला मनापासून आवडतात अशा पाच-सहा जणांनी एकत्र ठेवावी आणि दोन आठवड्यांसाठी एखादी रिकामी खोली घ्यावी. भिंतींना चुना स्वतः लावावा लागेल, लेबलं स्वतः टाइप करावी लागतील, कुणाचं चित्र दारासमोर यावं यावरून भांडणही होईल. खर्चाची वही मात्र दारापाशीच ठेवावी, सगळ्यांना केव्हाही उघडता येईल अशी.